मान खाली घालून

हजेरीच्या वहीत जिनेकाकांचं एक भारदस्त नाव होतं, पण ते वहीतच राहिलं. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी तेहेतीस वर्षं काढली, आणि त्या वर्षांत काढले काय, तर जिने. तेही मागचे. दवाखान्याचा मागचा जिना, हॉटेलच्या भटारखान्याचा जिना, आग लागली तर पळायचा जिना. दर्शनी जिना साहेब स्वतः काढायचे, कारण त्याचा फोटो छापून यायचा. जिनेकाकांच्या जिन्यांचा फोटो कुणी घेतला नाही. पण त्यांच्या जिन्यावर कुणी ठेचकाळल्याचंही ऐकिवात नाही. दुसऱ्याच्या जिन्यावर मात्र ते मध्येच थांबतात, "ही पायरी पाऊण सेंटिमीटर जास्त आहे" असं जाहीर करतात, आणि मागून येणारी माणसं त्यांच्या पाठीवर येऊन आदळतात.

साहेब थकले, त्यांची मुलगी ऑफिस बघू लागली. मॅडमनी जागा लहान केली आणि सगळ्यांना घरून काम दिलं. जिनेकाकांकडे एक भला मोठा मॉनिटर आला आणि त्याच्यामागून फोन आला. "काका, वाचनालयाची नवी इमारत आहे. आत शिरल्या शिरल्या समोर जिना, वळून वर जाणारा. हा तुम्ही काढा."

दर्शनी जिना. एकसष्टाव्या वर्षी, पहिलाच.

चौथ्या दिवशी मान धरली. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे नेमकं जे करता येत नव्हतं तेच. आठवडाभरात जिन्याच्या सहा पायऱ्या झाल्या. फोनवर काकांचं कण्हणं ऐकून मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघा काका. नाहीच जमलं तर मी दुसऱ्या कुणाला देते. तुमच्या मानेपेक्षा जिना मोठा नाही." हे त्या मायेनं बोलत होत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. रागावल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

स्क्रीन खाली आहे म्हणून मान दुखते, असं जिनेकाकांनी ठरवलं. मॉनिटरखाली आधी एक शब्दकोश गेला, मग लेकीची दहावीची गाइडं गेली. मान जास्त दुखायला लागली, म्हणून आणखी दोन गाइडं गेली. लेकीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, पुस्तकं काढा. मॉनिटरला आर्म लावा. हवी तशी वर-खाली करता येते स्क्रीन."

फोन स्पीकरवर होता आणि काकू शेजारीच भाजी चिरत होत्या. "मॉनिटरला आराम? आधी बापाला दे म्हणावं."

"आई, आराम नाही. आर्म. हात असतो तो, टेबलाला लावायचा."

"आमच्या वर्गातला मॉनिटरही असलाच होता," काकू म्हणाल्या. "फळ्यावर नावं आमची, आणि आराम त्याला."

त्या दिवसापासून घरात त्या वस्तूला आरामच म्हणू लागले. आराम कधी आणताय, आराम भिंतीला लागेल का, वगैरे.

दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता आणि बोट दाखवून घेऊन आला असता. जिनेकाकांनी आधी टेबलाचं ड्रॉइंग काढलं. वरून, समोरून आणि मधोमध कापून. टेबल म्हणजे त्यांचाच जुना ड्रॉइंग बोर्ड, आता चार पायांवर आडवा झोपवलेला. त्याची जाडी, खालची आडवी पट्टी, भिंतीपासूनचं अंतर, एका खिळ्याचं डोकं, काही सुटलं नाही. दुकानदाराने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला.

"टेबल करून हवंय का काका?"

"टेबल आहे. त्याला हात बसवायचाय."

"मग कुठलाही न्या. सगळे सारखेच."

"जिनेही सारखेच असतात," जिनेकाका म्हणाले, "पडेपर्यंत."

दुकानदार जरा सावरून बसला. "बरं, स्क्रीनचं वजन किती?"

जिनेकाकांनी कागदाकडे पाहिलं. खिळ्याचं डोकं होतं, वजन नव्हतं. कागदाची घडी घालून ते घरी आले.

वजनकाट्यावर मॉनिटर ठेवला तर आकडा त्याच्याखाली झाकला जाई. म्हणून त्याचा पाय काढून, त्याला पोटाशी धरून काका स्वतःच काट्यावर चढले. मग त्यांनाही आकडा दिसेना. काकू वाकल्या. "साडेसत्त्याहत्तर." मग ते एकटे चढले. "बाहत्तर धरा."

"धरा काय? नीट वाच."

"मग पोट आत घ्या. काटा दिसत नाही."

बाहत्तरच भरले. मॉनिटर साडेपाच किलोचा. या वेळी काकूही दुकानात गेल्या. दुकानदाराने दोन आर्म समोर मांडले. एक साधा, खांबावर उंची ठरवून नट आवळायचा. दुसरा स्प्रिंगचा, दोन ते नऊ किलो पेलणारा, बोटाने ढकलला की हलणारा. जिनेकाकांचा हात साध्याकडे गेला. "योग्य उंची एकच असते. ती काढायची आणि आवळून टाकायची."

"आणि चुकली तर?" काकूंनी विचारलं.

"उंचीत मी चुकत नाही."

काकू दुकानदाराकडे वळल्या. "तो हलणारा द्या."

रविवारी सकाळी आराम बसवायला घेतला. टेबलाच्या मागच्या कडेला क्लॅम्प लावताना खालची पट्टी आडवी आली असती, पण ती ड्रॉइंगमध्ये आधीच दिसल्याने क्लॅम्प चार बोटं डावीकडे गेला आणि चपखल बसला. इथे काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं.

घडी घातलेल्या आर्मला एक प्लॅस्टिकची पट्टी बांधली होती. स्क्रीन बसवल्याशिवाय ती कापू नये, अशी सूचना क्रमांक सहा होती. जिनेकाका तेव्हा सूचना क्रमांक पाचवर होते. पट्टी कापल्याबरोबर आर्म ताडकन उभा राहिला आणि त्याने भिंतीवरचं कॅलेंडर खाली पाडलं.

"आराम झाला वाटतं त्याचा," काकू म्हणाल्या.

मग एकाने आर्म दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मागचे चार स्क्रू लावायचे, असं ठरलं. कोण काय करणार यावर थोडं बोलणं झालं. दाबणं काकूंकडे आलं. स्क्रीन बसली, पण हात सोडल्यावर हळूहळू वर निघाली. सांध्यातला स्क्रू ढिला करायला षटकोनी किल्ली होती. जिनेकाकांनी हिशेब न करता आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी फिरवलं आणि ते जास्त फिरलं. आता स्क्रीन जेवणानंतरच्या तासाला मागच्या बाकावरचं पोर पेंगतं तशी खाली खाली येत टेबलावर टेकली. अर्धा फेरा उलट, पाव फेरा सुलट, आणि ती जिथे ठेवावी तिथे राहायला लागली. दोघांनी ती उगीचच चार वेळा वर-खाली केली.

पत्रकात लिहिलं होतं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. जिनेकाका ताठ बसले, काकूंनी डोळ्यापाशी पट्टी धरली, कडेवर लेव्हल ठेवली. तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आला. इतकी बरोबर उंची त्या कंपनीच्या माणसानेही लावली नसती. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि काका सातव्या पायरीला लागले.

अर्ध्या तासात मान पेटली, गाइडांच्या दिवसांपेक्षाही वाईट. जिनेकाकांनी माऊस सोडला. पुस्तकं झाली, पट्टा झाला, आर्म झाला, उंची तर मापाने लावली होती. आता दुरुस्त करण्यासारखं एकच उरलं होतं, ते स्वतः. त्यांनी फोन उचलला आणि मनात वाक्य जुळवलं. मॅडम, जिना देऊन टाका कुणाला तरी. पलीकडे रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही.

काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. काका पुन्हा स्क्रीनकडे बघत बसले होते.

"तुम्ही असे कोंबडीसारखे का बसलात?"

"काय?"

"पाणी प्यायली की ती मान वर करते ना, तशी. हनुवटी छताकडे लागलीय."

"स्क्रीन डोळ्यांसमोर आहे. तूच पट्टी धरली होतीस."

"डोळ्यांसमोर आहे हो. पण तुम्ही बघताय कशातून?" काकूंनी पत्रक उचलून त्यांच्या हातात दिलं. "हे वाचा."

जिनेकाकांनी कागद छातीपाशी धरला, नजर खाली केली आणि वाचायला लागले. मान सरळ होती. ते मध्येच थांबले. चष्मा दोन नंबरांचा होता, चार वर्षांपासून. वरून लांबचं, खालून जवळचं. स्क्रीन समोर असली की ती खालच्या भागातून दिसावी म्हणून डोकं मागे टाकावं लागत होतं, आणि प्रत्येक गाइडाबरोबर हनुवटी एकेक पायरी वर चढत होती. चष्म्याचा विषय सूचनापत्रकात नव्हता. ड्रॉइंगमध्येही नव्हता.

काकूंनी एका बोटाने स्क्रीन खाली दाबली. "बास?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडी."

खालची कड टेबलाला जवळजवळ टेकली. जिनेकाकांनी वरची कड मागे कलती केली आणि हात काढून घेतला. स्क्रीन तशीच राहिली, पूर्वी ड्रॉइंग बोर्ड असायचा थेट तशीच उतरती. त्यांचा डावा हात आपोआप टेबलाच्या कडेकडे गेला, पूर्वी आडव्या रेघांची टी-स्क्वेअर पट्टी धरायचा तिथे. हनुवटी खाली आली. काकूंनी पट्टी आणि लेव्हल उचलून खणात ठेवून दिली.

दोन पायऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, मघाशी फोन केला होता? मान कशी आहे?"

जुळवलेलं वाक्य आता काही कामाचं नव्हतं आणि दुसरं तयार नव्हतं. "खाली आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मान खाली घालून काम चाललंय. उद्या जिना देतो."

"मग फोन कशाला केला होता?"

"आराम हवा होता त्यांना," काकू मागून म्हणाल्या. "मिळाला."

"आर्म, मॅडम," जिनेकाका म्हणाले. "आर्म."

फोन ठेवल्यावर काकू चहाचा रिकामा कप हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. "किती पायऱ्या होणार?"

"चोवीस."

"आणि माझ्या गुडघ्यांनी चढायचं म्हटलं तर मध्ये टेकायला काही?"

मागच्या जिन्यांवर हा प्रश्न कधी आला नव्हता. तिथे कुणी टेकत नाही, पळतं. आणि दर्शनी जिन्यात बाक शोभत नाही, असं साहेब म्हणाले असते. जिनेकाकांनी वळणावरचा चौथरा आणखी हातभर रुंद केला, भिंतीलगत दोन माणसांचं बाक काढलं आणि त्याची उंची लिहिली. मग ती काकूंना विचारून एकदा बदलली, मान वर न करता.