पुट्टीखालचा चेपा

धडकलेल्या गाड्या ठोकून सरळ करायचा, म्हणून त्याला सगळे ठोक्याच म्हणत. चेपलेल्या दरवाजावर पुट्टी घासून असा रंग मारायचा, की गाडी कुठं आपटली होती ते मालकालाही सापडू नये. पण संध्याकाळ झाली की गड्याच्या घशाला कोरड पडायची. थोरला भाऊही तसलाच. त्याच्या लिव्हरातली गाठ कळली तेव्हा लिंबाएवढी झालेली. हात लावायलाही वाव उरला नव्हता. महिन्याभरात तो गेला.

तेव्हापासून बायकोनं ठोक्याचा पिच्छा पुरवला, "अहो, रक्त तपासून घ्या." हा "बघू, बघू" म्हणत राहिला आणि गुपचूप महिनाभर थेंबाला शिवला नाही. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी गाडी पुसावी, तसं रक्त पुसून घेतलं आणि मगच छाती काढून दवाखान्यात गेला.

"दारू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! कधीतरी, लग्नाकार्यात."

"रोज कुणाचं हो लग्न असतं?" बायको म्हणाली.

"तू गप गं!"

रिपोर्ट आले. "लिव्हरचे नेहमीचे आकडे ठीक आहेत," बाई म्हणाल्या. ठोक्यानं बायकोकडं ऐटीत बघितलं.

"पण भावाचं कळलं म्हणून मी आणखी तपासण्या लावल्या होत्या. लिव्हरवर वर्षानुवर्षं व्रण पडत गेले की त्याच्या खुणा रक्तात उतरतात. त्या तुमच्या रक्तात भरपूर आहेत. एका महिन्यात पुसल्या जात नाहीत त्या. शिवाय गाठीची खूण दाखवणारा आकडा जरा वर आहे. गाठ असेलच असं नाही, पण स्कॅन करू."

ठोक्याचं तोंड उतरलं. जुनी गाडी घेताना तो स्वतः दरवाजावर टिचकी मारायचा. पुट्टी असली की आवाज बद्द येतो. आज बाईंनी त्यालाच टिचकी मारली होती.

"आता खरं सांगा."

"रोज पितो, बाई," तो खाली बघत म्हणाला. "भावाला पोचवून आलो, त्या दिवशीसुद्धा प्यालो."



स्कॅनमध्ये गाठ निघाली, पण वाटाण्याएवढी.

"वेळेत सापडली," बाई म्हणाल्या. "तेवढा तुकडा कापून काढता येईल."

"कापा. पत्रा कुजला की कापावाच लागतो. वरून रंग मारून भागत नाही."

"आणि लग्नाकार्याचं काय?" बायकोनं विचारलं.

ठोक्यानं मान खाजवली. "जेवून लगेच घरी येईन."