भलत्या मांडवात शिरलेला घोडा

काका गेले त्याला वर्ष होईल, तरी ती रविवारची सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांना जुन्या विनोदी सिनेमांचं वेड होतं. वेड हा मी निवडलेला सौम्य शब्द, काकूंचा इथे लिहिण्यासारखा नाही. बँकेतली नोकरी सांभाळून काकांनी मूकपटांतल्या विनोदावर पाच जाडजूड वह्या भरल्या होत्या. मी शाळेपासून त्यांची श्रोती, मग टायपिस्ट, शेवटी हमाल.

एक सिनेमा मात्र त्यांना कुठेच मिळेना. घोडा नवरदेवाला घेऊन भलत्याच मांडवात शिरतो, एवढी गोष्ट त्यांना वडिलांनी लहानपणी सांगितली होती. काका चाळीस वर्षं तो शोधत होते.

आणि तो मला सापडला! वाकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे, गंजक्या डब्यात. फिल्म उजेडात धरली तर घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला माणूस! मी रिक्षातून फोनवर अशी किंचाळले की रिक्षावाल्याने ब्रेकच मारला.

डबा उघडताच घरभर व्हिनेगरसारखा वास सुटला. काकू खिडक्या उघडत सुटल्या, मी पडदा लावायला धावले. काकांनी मात्र जुनी पट्टी एका नव्या पट्टीशेजारी ठेवली, कडेचं पहिलं भोक पहिल्या भोकाशी जुळवलं आणि अगदी डोळ्यांजवळ धरून मोजायला लागले. शंभराव्या भोकापाशी जुनी पट्टी दोन भोकं मागे पडली होती.

"आटलीय," ते म्हणाले. "प्रोजेक्टरवर चढवली तर दात्यांवर फाटत जाईल."

"पण एकदा तरी चालेल ना?"

"एकदा चालेल. बहुतेक."

"मग चालवा ना काका!"

काकांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. फार तर सहा महिने दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फिल्म दुरुस्तीला पाठवली तर वर्ष सहज जाणार. मी चक्क भांडले. "सगळा जन्म शोधलात आणि आता बघणार नाही? मग बघणार कधी?"

"माझ्या डोळ्यांची वाट लागलीय म्हणून त्याची पण लावू का गं?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी डबा जुन्या फिल्मा जतन करणाऱ्या एका संस्थेकडे पाठवून दिला. मला इतका राग आला होता की आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

नवी प्रत यायला चौदा महिने लागले. तोवर काका मला आवाजावरून ओळखू लागले होते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये खेळ लावला. खुर्च्या संपल्या, चटया संपल्या, पोरं खिडकीत चढली. काकांशेजारी बसून मी कानात सांगायला लागले, "वरात निघाली... घोडा उधळला... करवल्या मागे धावतायत..." मला धाप लागली होती. भलत्या मांडवातले भटजी घोड्यासकट नवरदेवाला बोहल्यावर चढवायला निघाले आणि हॉल नुसता फुटला! पोरं जमिनीवर लोळत होती. काकू हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या.

काकांनी माझा हात दाबला. "गप गं जरा. ऐकू दे मला."

मूकपट होता तो. हॉलमध्ये लोकांच्या हसण्याशिवाय ऐकण्यासारखं काही नव्हतं. काका मान खाली घालून तेच ऐकत होते, आणि चेहरा असा फुलला होता की मी पडद्याकडे बघायचं विसरले.

सिनेमा संपला, दिवे लागले. लोक उठायला लागले तसे काका घाईघाईने म्हणाले, "अगं, बसव सगळ्यांना. परत लाव."

"लगेच?"

"मग? आता हवा तेवढ्या वेळा लावता येतो ना!"

मी डोळे पुसले आणि सिनेमा परत लावला.