मोसंबीखालची चुनखडी

मातीबद्दल गहिवरून बोलणारा माणूस मला सहन होत नाही. तिला आई म्हणणारे, चिमूटभर कपाळाला लावणारे आणि भाषण संपलं की हात धुवायला पाणी मागणारे मी पुष्कळ पाहिले. नोकरीची सगळी वर्षं मी माती वाळवली, लाकडी बत्त्याने कुटली, चाळली, आणि काचेच्या नळकांड्यात ढवळून ती खाली बसायची वाट पाहिली. वाळू आधी बसते, चिकणमाती शेवटी. एवढ्यावर गहिवर येण्याचं कारण मला कधी सापडलं नाही.

माझं घर औंढ्याचं. घरात देवळातली सेवा आणि कचेरीतली कारकुनी, म्हणजे सगळ्यांचे हात स्वच्छ. मी एकटा नखांत काळं घेऊन ताटावर बसायचो. आई त्या नखांकडे बघायची आणि भात वाढायची. माणसांना तुच्छ लेखायची सवय मला घरातूनच लागली असावी. फक्त घरच्यांनी ज्यांना तुच्छ लेखलं त्यांच्यात मी साहेब लोकांची भर घातली.

त्या साहेब लोकांतला एक मला नोकरी संपता संपता मिळाला. कळमनुरी तालुक्यातल्या जमिनींचे प्रकार ठरवायचं एक काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं आणि त्यावर हा तरुण डॉक्टरेटवाला बसवला होता. मला तो 'काका' म्हणायचा. काका म्हटलं की माणूस फुकट राबतो असं त्याला कुणीतरी शिकवलं असावं. जागोजागी पाच फूट खोल खड्डा खणायचा, खड्ड्याची भिंत सुरीने साफ करायची, वरपासून खालपर्यंत थर मोजायचे, प्रत्येक थराची माती पिशवीत भरायची, असं काम. खणायला मजूर, पिशव्या भरायला मी. साहेब जीपमधून उतरायचा तो फोटोपुरता. खड्ड्यात उतरून हातात टेप धरायचा, चेहऱ्यावर विचार आणायचा, फोटो झाला की वर यायचा आणि बुटांचे तळ दगडावर घासायचा.

जमिनीचा प्रकार ठरायचा तीन गोष्टींवरून: प्रयोगशाळेतले आकडे, हवामान आणि जमिनीची ठेवण. हवामान म्हणजे पावसाचे आकडे. ते ज्या पर्जन्यमापकावरून घ्यायचे तो मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिला. तो कडुनिंबाच्या फांदीखाली होता. कडुनिंबाचं पोट भरलं की उरेल तो पाऊस आम्ही दशांशात लिहून घ्यायचो. जमिनीची ठेवण उपग्रहाच्या नकाशावरून कुणीतरी दूर शहरात बसून रंगवली होती, सपाटाला हिरवा आणि उताराला पिवळा. आखाडा बाळापूरच्या पलीकडे एका तांड्याकडे जाताना आमची जीप पहिल्या गिअरमध्ये रडत चढायची आणि नकाशावर ती जागा हिरवीगार सपाट होती. मी तसं दाखवून दिलं तेव्हा साहेब म्हणाला, "काका, मॉडेल चुकत नाही." ड्रायव्हर गिअर बदलत होता, त्याला हसू आवरेना. प्रयोगशाळेबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. तिथे मी होतो आणि तिथले आकडे खरे होते.

ह्या सगळ्यावर कळस म्हणजे नावाची बैठक. नवा प्रकार सापडला की त्याला जवळच्या गावाचं नाव देतात. तांड्यावरच्या जमिनीचा प्रकार वेगळा निघाला, वर काळी आणि खाली चुनखडी. आता नाव तांड्याचं द्यायचं. पण नकाशावर तांडाच नव्हता. तांड्याच्या लोकांनी बैलांवर धान्य वाहायचं सोडून इथे नांगर धरला त्याला किती पिढ्या झाल्या, तरी नकाशात त्यांच्या जागी नुसता हिरवा रंग. मग दोन मोठ्या गावांत निवड करायची ठरली आणि सहा शिकलेली माणसं चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत भांडली. कुठलं गाव कुणाच्या सासुरवाडीचं आहे इथपर्यंत गोष्ट गेली. मी भिंतीला खुर्ची लावून बसलो होतो आणि मला मनापासून मजा वाटत होती. एवढे मूर्ख एका खोलीत, आणि शहाणा मी एकटा.

आता त्या तांड्यावरच्या खड्ड्याबद्दल सांगतो. ते सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

रान माझ्याच वयाच्या एका माणसाचं होतं. खड्डा खणायला त्याने नाही म्हटलं नाही, उलट मजुरांच्या बरोबरीने स्वतः फावडं मारलं. वर दोन हात अशी काळीभोर, लोण्यासारखी माती की कुणीही फसावं. त्याखाली एका रेषेत रंग बदलला आणि पांढरट, पिवळसर, खड्यांनी भरलेला थर लागला. साहेबाचा फोटो झाला, साहेब जीपमध्ये फोनवर गेला. मी खड्ड्यात उतरून सौम्य ॲसिडची बाटली काढली आणि थराथरावर थेंब टाकत खाली आलो. काळ्या मातीवर बारीक बुडबुडे. पांढऱ्या थरावर थेंब पडताच भिंत उकळल्यासारखी फसफसली. मोजमाप पुढे व्हायचं होतं, पण मला मोजमापाची गरज नव्हती. इतकी चुनखडी मी हयातीत चार-सहा वेळाच पाहिली असेल.

तो माणूस काठावर उकिडवा बसून बघत होता. मागे त्याची बायको उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

"काहून फसफसून राहिलं हे, साहेब?" त्याने विचारलं.

"चुना आहे," मी म्हणालो.

मग त्याने काय करावं? काठावरची काळी माती चिमटीत घेतली, जिभेवर ठेवली, चघळली आणि म्हणाला, "आमची माती गोड हाय. आमचा आजा असंच चाखून सांगत व्हता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माती चाखून सांगणारे आणि माती कपाळाला लावणारे माझ्या लेखी एकाच रांगेतले. इथे पाच फुटांचा खड्डा उघडा पडलाय, खालचा थर समोर उकळतोय, आणि हा वरची दोन बोटं माती चघळून आज्याचं नाव सांगतोय! मी बाटलीचं बूच लावलं आणि त्याच्याकडे पाठ केली.

"साहेब," तो म्हणाला, "रोपं सांगून ठेवलीत. मोसंबी लावायची हाय समद्या रानात. ह्याच्यात टिकल का?"

मी पिशवीवर पेन्सिलने खड्ड्याचा नंबर टाकत होतो.

"ही बाई म्हणून राहिली, आधी इचार म्हून. हिचं म्हणणं, आपली तूर-सोयाबीन बरी. तुमी सांगा."

विचारावं ते नेमकं विचारलं होतं त्याने. बैठकीतल्या त्या सहा जणांपैकी एकानेही मला इतकं धडाचं कधी विचारलं नाही. आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. मोसंबी लावू नका. तीन वर्षं झाडं अशी वाढतील की गाव बघायला येईल, मग मुळं पांढऱ्या थराला टेकतील, पानं शिरा सोडून पिवळी पडतील, शेंडे वाळत खाली येतील. औषध नाही, खत नाही, उपाय नाही. एवढं सांगायला मिनिटसुद्धा लागलं नसतं.

"रिपोर्ट येईल," मी म्हणालो. "रिपोर्टशिवाय आम्हाला बोलता येत नाही."

हा नियम आमच्या ऑफिसात कुणी केलेला नव्हता. मला कंटाळा आला होता असंही नाही, घाई नव्हती, साहेबाची भीती तर मला कधीच नव्हती. खरं ते लिहितो. मला तो माणूस सांगण्याच्या लायकीचा वाटला नाही. जिभेवर माती ठेवणाऱ्याला चुनखडीचं काय सांगायचं, असं मला वाटलं, आणि आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही ह्याचं सुख मी पिशव्यांबरोबर जीपमध्ये घेऊन बसलो.

प्रयोगशाळेत मी त्या पिशव्यांचं काम महिन्याभरात उरकलं. चुनखडीचा आकडा मला वाटला होता त्याहून थोडा जास्तच निघाला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून वर पाठवला. वर तो पावसाच्या आकड्यांसाठी थांबला, मग उताराच्या नकाशासाठी थांबला, मग नावाच्या बैठकीसाठी, मग साहेबाच्या बदलीसाठी, मग छपाईसाठी. मी दर थांब्यावर ऑफिसला शिव्या घातल्या. त्या माणसाची आठवण मात्र मला एकदाही झाली नाही, आणि हे मला आज सगळ्यांत जास्त खुपतं.

रिटायर व्हायला थोडे महिने उरले तेव्हा छापलेल्या रिपोर्टांचे गठ्ठे आले. ज्यांच्या रानात खड्डे खणले त्यांना एकेक रंगीत कागद द्यायचा, सही घ्यायची, फोटो काढायचा. नवा साहेब म्हणाला, "काका, तुम्हीच जा, तुम्हाला रस्ते माहीत आहेत." हाही काकाच म्हणायचा. मी गेलो.

तांड्याचा चढ संपल्यावर बाग दिसली. ओळी अगदी दोरी लावून घातलेल्या, आळी नीट बांधलेली, ठिबकच्या नळ्या. आणि झाडं पिवळी. जवळची, लांबची, सगळी. शेंड्याकडून वाळत आलेल्या काड्या, एखाद्या फांदीवर लिंबाएवढं फळ. एका कडेला त्याने झाडं उपटायला सुरुवातही केली होती. मुळं बाहेर आडवी पडली होती आणि त्यांच्या टोकांना पांढरी माती चिकटलेली होती. चार वर्षं त्या नवरा-बायकोने त्या आळ्यांना पाणी दिलं होतं.

त्याने मला ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं. बायकोने चुलीवर चहा ठेवला. मी कागद पुढे केला.

"वाचता न्हाई येत मला बराबर," तो म्हणाला. "तुमी वाचा."

मी वाचलं. वरच्या थराची खोली वाचली, उतार वाचला (सपाट), पावसाचं मान वाचलं. मग खालची ओळ आली. लिंबूवर्गीय फळझाडांस अयोग्य. ती वाचताना माझा आवाज ऑफिसातल्यासारखा निघाला आणि त्याची मला शरम वाटली.

त्याने मान वळवून बागेकडे पाहिलं. बायको चहा गाळायची थांबली होती.

"म्हंजी ही बात इतक्या सालांनी निघाली मशीनमदून," तो हळू म्हणाला. "तवा तुमाला बी ठाऊक नसल. न्हाई का?"

त्याने वाट करून दिली होती. मी फक्त मान हलवायची होती. तपासणीला वेळ लागतो, अनेक बाबी बघाव्या लागतात, असली वाक्यं मी साहेब लोकांच्या तोंडून इतकी ऐकली होती की मला ती झोपेतही म्हणता आली असती. माझ्या तोंडाशी आलीसुद्धा.

"होतं," मी म्हणालो. "खड्ड्यात उभा होतो तेव्हाच माहीत होतं."

त्याच्या तोंडावर राग आला नाही. राग आला असता तर मला सोसला असता. तो बायकोकडे वळला, पण बोलला तांड्याच्या बोलीत नाही, मराठीतच, मला कळावं म्हणून असेल किंवा नसेल.

"आन् मी हिला चार साल सांगून राहिलो," तो म्हणाला, "की आपुन इचारलं व्हतं. वाईट असतं तर साहेब बोलल्याबिगर राहिले नसते."

बायकोने चहाचे कप आणून ठेवले, तीन, आणि माझा आधी माझ्या हातात दिला. मग त्याने सही कुठे करायची ते विचारलं.