गच्चीवर राहिलेली खुर्ची

१५ जानेवारी १९९६, वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचा दुसरा दिवस, रात्रीचे साडेआठ. गच्चीवर हजर: दुर्बीणकाका, खुर्चीत बसवलेल्या काकू, ती खुर्ची जिन्यावरून उचलून आणणारे आमचे हे आणि तळमजल्यावरचे नरेशभाई, शिवाय चहाचा थर्मास घेऊन मी. सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे हजेरी घेण्याची मला सवयच होती.

दुर्बीणकाका म्हणजे माकडटोपी, तिच्यावर मफलर आणि मफलरमधून डोकावणारी नवी कोरी दुर्बीण. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते कापड चेकर होते. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकवायचं आणि डाग, तुटका धागा हेरायचा, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होताच त्यांनी दुर्बीण घेतली. म्हणायचे, "इतकी वर्षं मान खाली घालून डाग शोधले. आता वर बघतो. इथले डाग चमकतात तरी!"

सुरुवातीला त्यांना धड काही सापडत नसे. एकदा त्यांनी मला मिलच्या चिमणीवरचा लाल दिवा मंगळ म्हणून दाखवला. "बघा, कसा थरथरतोय!"

"काका, थरथरताहेत ते तुमचे हात."

तेव्हापासून ते पाण्याच्या टाकीवर कोपरं टेकवून बघू लागले. धूर असला की वाट बघायचे. मिलच्या धुराला शिव्या मात्र कधी घातल्या नाहीत. त्याच धुरावर घर चाललं, म्हणायचे.

बघून झालं की आधी खाली जाऊन काकूंना सांगायचं, हा नेम. काकूंचं हृदय दुबळं झालेलं, जिना चढायला बंदी. खिडकीतून त्यांना शेजारच्या बिल्डिंगची भिंत तेवढी दिसे.

"आज काय दिसलं?"

"तिकांडे. मृगाच्या पोटातले तिन्ही तारे एका ओळीत."

"ते मी धुळ्याला अंगणात नुसत्या डोळ्यांनी बघत होते. तेवढ्यासाठी एवढं महागाचं नळकांडं? मला कृत्तिका दाखवा."

कृत्तिकांचं काकूंच्या मनात लहानपणापासून राहून गेलं होतं. आई अंगणात घोंगडीवर निजवून मोजायला लावायची. भावंडांना सात दिसायच्या, काकूंना सहाच. सगळे हसायचे. सातवी एकदा बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. काकांनी दुर्बीण का घेतली, ते मला हे ऐकून समजलं.

डॉक्टरांनी त्या वर्षी काकांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. म्हणून उत्तरायणाला आम्ही खुर्ची उचलली. "काकी, धीमे धीमे, तमे तो फूल जेवा छो," म्हणत नरेशभाई धापा टाकत होते. काकू म्हणाल्या, "फूल असते तर तुम्हाला दम लागला असता का?"

पण कृत्तिका होत्या थेट डोक्यावर, आणि मान मागे टाकली की काकूंना घेरी यायची. काकांनी हे लक्षातच घेतलं नव्हतं. ते मागून त्यांचं डोकं सावरत होते, दुर्बीण हलत होती. काकूंनी दमून ती खाली आणली, समोर पूर्वेला वळवली आणि एकदम ताठ बसल्या.

"सापडल्या! थांबा, मोजते." ओठ हलत राहिले. आनंद झाला की त्या घरच्या अहिराणीवर यायच्या. "सात! सात शेतस! पूर्ण सात!"

आम्ही तिकडे बघितलं. कुणीतरी पतंगाच्या दोरीला तुक्कल बांधून सोडले होते. कागदी कंदिलांची ती माळ वाऱ्यावर हलत वर चढत होती.

"काकी, ए तो..." नरेशभाईंनी तोंड उघडलं. काकांनी त्यांचा दंड दाबला.

"हो," ते काकूंना म्हणाले. "त्याच."

काकूंनी तुक्कल विझेपर्यंत दुर्बीण खाली ठेवली नाही. खाली जाताना त्यांना आमच्या यांनी आणि नरेशभाईंनी हातांच्या पाळण्यात नेलं. काका मागे थांबले.

"सगळ्या नोकरीत डागी माल पास केला नाही, ताई," ते म्हणाले. "आज केला. खुर्ची वरच राहू द्या. खऱ्या दाखवायच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीच्या पुढच्या पायांखाली विटा लावल्या. आता मान मागे न टाकता बसणाऱ्याची नजर नेमकी वर जात होती. स्वतः बसून, विटा मागेपुढे करून त्यांनी तो कोन जुळवला. मग थंडी वाढली, काकूंना धाप लागू लागली. काका रोज वर येऊन खुर्ची पुसून जायचे. होळीच्या आधी काकू गेल्या.

पावसाळ्याआधी काका मुलाकडे कडोदऱ्याला राहायला गेले. गच्चीची किल्ली परत द्यायला आले तेव्हा गळ्यात दुर्बीण नव्हती.

"शेवटपर्यंत सांगत होती," ते म्हणाले. "आल्यागेल्याला. मला सात दिसल्या म्हणून." मी खुर्चीचं विचारलं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि जिना उतरून गेले.

दर उत्तरायणानंतर मी सोसायटीच्या कामांची यादी करते. टाकी धुणे. तारांवरचा मांजा काढणे. गच्चीचा दिवा बदलणे. या कामांपुढे खुणा पडतात. खुर्चीचं लाकूड आता फुगलंय, एक वीट फुटली होती ती मी बदलून घेतली.

गच्चीवरची खुर्ची खाली आणणे. हे काम बाकी आहे.