वाळूच्या गावातली घोंगडीवाली

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाले. शेजारणीच्या अंगात आलं तेव्हा सगळे तिच्या पाया पडत होते आणि मी तिला लिंबूसरबत देत होते. तेव्हा 'तुमचा विश्वास आहे का' हे मला विचारू नका... नाही. तरी हे घडलं.

बाहत्तरची दिवाळी, दुष्काळाची. आमचं गाव तासगावजवळ, मी तेव्हा मॅट्रिकला. थोरला भाऊ, दादा, आदल्या वर्षीच्या लढाईत पाय जायबंदी होऊन घरी आला होता. पाय बरा झाला, पण माणूस बोलेनासा झाला. जेवायचा आणि बेदाण्याच्या रिकाम्या शेडात जाऊन बसायचा. आई म्हणायची देवऋषी बघू, मी म्हणायचे डॉक्टर. आमचं भांडण रोजचं, आणि तो तसाच.

त्या वर्षी किल्ला करायला चिखलच नव्हता. प्यायला पाणी नाही तिथे चिखल कुठला! मी आणि चुलतभाऊ बबन नुसते हळहळत होतो, तर दादा उठला आणि ओढ्यातली कोरडी वाळू आणून शेडात ओतली. फौजेत म्हणे लढाईआधी असाच वाळूचा नकाशा मांडतात. डोंगर, किल्ला, गुहेत राक्षस, खाली गाव. नदी निळ्या रांगोळीची. मग त्यानं खेळच रचला. बबन राजपुत्र, कवड्या टाकायच्या, पडेल तशी चाल. दादा बोलायला लागला हो! आई दाराआडून ऐकायची आणि पदरानं डोळे पुसायची.

वाळूच्या गावात मी कुंभाराकडची मातीची चित्रं, म्हणजे छोटी घरं-माणसं, मांडली. दादाला पटेना. म्हणाला, "सुले, घरं मांडून गाव होत न्हाई. हरेकाचं कायतरी अडल्यालं पायजे. आपण खेळत नसताना बी ती मानसं तिथं असली पायजेत."

मग आम्ही एकेकाला काळज्या वाटून दिल्या. विहिरीवरच्या बाईची लेक हरवलेली, ही बबनची कल्पना... हसत हसत दिलेली. सोनाराचं घर जळालेलं. वेशीत मी एक घोंगडीवाली बसवली. एका डोळ्यात फूल पडलेलं, सगळी घोंगडी विकायची, पण एक मांडीखाली दाबून ठेवायची. रोज संध्याकाळी राजपुत्राच्या आधी गावाची पाळी, आणि गावाच्या वतीनं मी बोलायचे. मला भारी मजा यायची.

एकदा बबननं विचारलं, म्हातारे, ते एक का विकत नाहीस? मी सहज म्हणाले, "पोराचं हाय. सुट्टी काढून येनार हाय त्यो."

दादाच्या हातातल्या कवड्या खाली पडल्या. उठून गेला तो.

दुसऱ्या दिवशी मला गाठून म्हणाला, तुला कुणी सांगितलं? त्याच्या पलटणीतला शिवा म्हसवडकडचा. त्याची आई घोंगडी विकते, एका डोळ्यानं अधू. शिवा दादाच्या शेजारी पडला. फौजेतली रीत अशी की सोबती गेला तर घरी आलेल्यानं त्याच्या आईला जाऊन भेटायचं, शेवटचं काय झालं ते सांगायचं. दादा गेलाच नव्हता. वर्षभर त्याला तेच खात होतं, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

मी म्हटलं, झोपेत बडबडला असशील, मी ऐकलं असेल. इथवर मी आजही तेच म्हणते. पण मी त्याला सोडलं नाही. एसटीत बसवलं आणि म्हसवडला घेऊन गेले.

शिवाची आई दारातच बसली होती. दादाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस व्हय? रोज सांजच्याला माझ्यासंगं बोलतीस की तू, वाळूच्या गावात. नदी निळी हाय, पर पानी न्हाई. हात घातला की बोटं निळी हुत्यात."

ती आमच्या घरी कधी आली नव्हती. आम्ही बाहेर कुणाला काही सांगितलं नव्हतं. रांगोळीचं तर नाहीच नाही.

दादा तिच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं. सरकारी तार आली होती तिला, पण मढं आलं नाही म्हणून तिनं ती मानलीच नव्हती. दादा म्हणाला, मी जवळ होतो, पाणी मागितलं त्यानं, मी पाजलं, मग गेला. ती रडली नाही. बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून होती.

"मग आता तिथं वेशीत बसू नगं मी?"

"नगं बसू, आई," दादा म्हणाला.

आम्ही निघालो तेव्हा तिनं मला हाक मारली. म्हणाली, "पोरी, बाकीच्यांना बी सांगा. लय मानसं बसल्यात तिथं."

घरी आलो तर वडिलांनी, आबांनी, कडबा ठेवायला शेड रिकामं केलं होतं. वाळू ओढ्यात, चित्रं फुटून उकिरड्यावर. त्यांची काय चूक, जनावरांना चारा तरी नीट ठेवायला नको का.

दादा सुधारला. लग्न झालं, दुष्काळात वाळलेली द्राक्षबाग पुन्हा लावली, शिवाच्या आईला शेवटपर्यंत भेटत राहिला. ह्याचा अर्थ मात्र मला आजतागायत लागलेला नाही, आणि लावून देणारा कुणी भेटला नाही. त्या विहिरीवरच्या बाईची लेक हरवली, हे आम्ही ठरवलं होतं... निदान मला तसं वाटत होतं. तशी बाई खरंच कुठे वाट बघत बसली असेल तर ती कुठली, कुणाची, कुणाला जाऊन विचारू? आणि तिला सांगायला माझ्याकडे काहीच नाही.