शैलाताईंच्या तोंडची चव

शैलाताई देवधर कुणाच्या घरी गेल्या की बैठकीत बसत नसत. चपला दारात टाकून थेट स्वयंपाकघरात, आणि गॅसवर जे काही असेल त्याचं झाकण वर! तळहातावर थेंब घेऊन चाखायच्या आणि निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. मी लग्न होऊन पुण्याहून भोपाळला, टर्बाइनच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या या बाईंनी माझ्या आमटीचा उद्धार केला. "आमटी कसली ही, कढत पाणी आहे! गूळ कुठाय?" मला रडूच फुटलं. संध्याकाळी त्याच घरून वरणभात घेऊन आल्या, वर मूठभर रतलामी शेव. "खा. भोपाळात राहायचं तर हे शिकून घे."

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात इंजिनीअर. सज्जन माणूस, आणि बायकोवर भलता जीव. मुलं नोकरीनिमित्त लांब. शैलाताईंच्या छातीत पहिल्यांदा गाठ निघाली तेव्हा ऑपरेशन, केमो, सगळं त्यांनी हूं की चूं न करता करून घेतलं. "एक बाजू गेली तर गेली. माझी दोन्ही मुलं पिऊन कधीच मोठी झालीत," असं त्या भर भिशीत म्हणाल्या.

काही वर्षं बरी गेली. मग आजार उलटला, आणि या खेपेला हाडांत नि यकृतात जाऊन बसला. पुन्हा केमो. तोंडभर फोड, पाणीसुद्धा चरचरायचं, जिभेवर सारखी लोखंडाची चव. कॉलनीतल्या आम्ही मराठी बायकांनी पाळ्या लावून डबे पोचवले. मऊ भात, मऊ खिचडी, परत मऊ भात. काय खावंसं वाटतं, हे त्यांना एकीनंही विचारलं नाही. एकदा डबा उघडून म्हणाल्या, "अगं, मला कॅन्सर झालाय, माझं उष्टावण नाही चाललेलं!"

त्या केमोचा उपयोग झाला नाही. औषध बदलण्याआधी डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती दिली. त्या दिवसांत एका सकाळी मी भरीत करत होते, तर बाई भिंत धरत धरत आल्या. झाकण उचललं, बोटावर भरीत घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मीना, चव आली गं! मिरची कळतेय मला! आता ही मी कुणाला द्यायची नाही."

पुढच्या तपासणीला त्या दोघांबरोबर मीही होते. डॉक्टर म्हणाले, "माताजी, नई दवा से बीमारी जाएगी नहीं. शायद कुछ महीने रुक जाए."

"और उन महीनों में मैं खडी रहूँगी या पडी रहूँगी?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. फोड परत येतील, अशक्तपणा वाढेल, म्हणाले. नको असेल तर दुखण्यावरची औषधं घरीही देता येतील. "मग घरीच," शैलाताई म्हणाल्या.

"शैला, एका टेस्टला नापास झालं म्हणून आम्ही मशीन भंगारात काढत नाही," भाऊजी म्हणाले.

"अहो, मी टर्बाइन आहे का?"

घरी आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तू बोल यांच्याशी. माझ्यापुढे हे रडतात. तुझ्यापुढे लाजतील, तेवढ्यात बोलून घे."

मी बोलले. "भाऊजी, त्यांना घरी राहायचंय. राहू द्या." कसले लाजतात! माझ्यासमोर लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. "वहिनी, एक औषध शिल्लक होतं आणि मी ते दिलं नाही, हे घेऊन मी कसा जगू?"

आतल्या खोलीतून शैलाताई बाहेर आल्या. पदरानं भाऊजींचे डोळे पुसून म्हणाल्या, "पुरे आता. घेते मी."

फाटकाशी मी चिडून विचारलं, "का कबूल झालात?"

"मी गेल्यावर त्यांना झोप लागायला हवी ना गं," त्या म्हणाल्या.

पहिल्याच डोसानं सगळं नेलं. फोड आले, बोलणं बंद झालं, स्वतःची लाळ गिळवेना, दवाखान्यात ठेवावं लागलं. ज्या बाईनं अख्ख्या कॉलनीला आमटी शिकवली, तिला नळीनं भरवत होते. मला तिथे उभं राहवत नव्हतं आणि निघवतही नव्हतं. त्या दवाखान्यातून घरी आल्याच नाहीत. भाऊजींचा मला राग आहे, आणि तोही मेला धड करता येत नाही.

तेरावा झाल्यावर भाऊजी एकदा आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"वहिनी, झोप लागत नाही मला. ती घरी राहिली असती, तर एवढ्या दिवसांत काय केलं असतं हो तिनं?"

मला खोटं सुचलं नाही.

"कैऱ्या आल्यात बाजारात. साखरांबा केला असता. गच्चीवर गाद्यांना ऊन दाखवलं असतं. तुमच्याशी भांडल्या असत्या."

ते पायरीवरच बसले.

"कशावरून भांडली असती?" ते म्हणाले. "सांगा ना वहिनी, कशावरून?"