उजव्या हाताचा पट्टा

"पार्किन्सन्स," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणताना त्या माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे बघत होत्या. मी हात चटकन मांडीखाली दाबला. शेजारी बसलेल्या सुनंदाने, माझ्या बायकोने, ते बरोबर पाहिलं. ही माझी पहिली लबाडी. दुसरी याहून मोठी होती, आणि ती सांगायलाच हे लिहितोय. ज्यांना हा आजार आत्ताच कळला असेल त्यांनी तरी माझ्यासारखं करू नये.

या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. ट्रेमर येतो, म्हणजे हाताला कंप सुटतो. ब्रॅडिकायनेशिया होतो, म्हणजे हालचाली मंदावतात. सहा महिने मला शर्टाची बटणं लावायला उशीर होत होता आणि मी शिंप्याला शिव्या घालत होतो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, मापात नसेल तो परत पाठवायचा. बावीस वर्षं हेच काम. तोंड तिखट. एकदा गायकवाड नावाच्या ऑपरेटरने भाग न मोजताच, चहा पीत, तक्त्यात रीडिंग भरलं. मी सगळ्या शिफ्टसमोर त्याची खरडपट्टी काढली. "रीडिंग खोटं तर माणूस खोटा," असं ओरडलो. तो मान खाली घालून लगेच म्हणाला, "साहेब, चुकलं." तरी मी दहा मिनिटं बोलतच होतो.

लेव्होडोपाची गोळी सुरू झाली. पहिले काही महिने बरे गेले. मग पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आतच हात पुन्हा थरथरायला लागला. याला वेअरिंग ऑफ म्हणतात, गोळीचा असर उतरणं. तो नेमका कधी उतरतो हे मला नीट सांगता येईना. खरं तर सांगायचंच नव्हतं. विचारलं की मी म्हणायचो, "तसं ठीक आहे."

म्हणून मॅडमनी सेन्सर दिले. घड्याळासारख्या पट्ट्याचे पाच. दोन मनगटांना, दोन घोट्यांना, एक कमरेला. पाच दिवस घरी वापरायचे.

पिंपरीच्या त्या दवाखान्यातल्या टेक्निशियन मुलीने समजावून सांगितलं. "काका, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, थोडं पुढंमागं होतं. म्हणून सकाळी घालायच्या आधी आणि संध्याकाळी काढल्यावर पाचही या डबीत ठेवायचे आणि डबी टेबलावर तीनदा आपटायची. ते ठोके पाचांतही उमटतात. त्यावरून आम्ही वेळ जुळवतो. मग कुठल्या क्षणी हात काय करत होता आणि पाय काय करत होता, ते एकत्र दिसतं."

मला हे लगेच पटलं. आम्हीही मोजायच्या आधी गेज झिरोला लावतो. पटलं, पण 'एकत्र दिसतं' याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

कंपनीत कुणी पट्टे बघू नयेत म्हणून मी रजा टाकली. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतून फोन आला, पुढच्या महिन्यात सगळ्यांची वैद्यकीय तपासणी आहे. माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. हा रिपोर्ट तिकडे गेला तर मला मोजमापावरून उचलून स्टोअरला बसवतील. असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं.

कंपनीत ऑडिट आलं की आम्ही काय करतो? फरशी चकाचक करतो, नवे तक्ते लावतो आणि कुरकुरणारं मशीन पाहुणे जाईपर्यंत बंद ठेवतो. मी तेच केलं. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागला, तसा उजव्या मनगटाचा पट्टा सोडला आणि सुनंदाच्या हाताला बांधला.

"अहो, हे काय? मला न्हाई पटत हे."

"तासाभराचा प्रश्न आहे. तू तुझं काम कर."

ती भाकरी करत होती. मी खुर्चीत बसून राहिलो. उरलेले तिन्ही दिवस असंच चाललं.

पुढच्या भेटीत मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. एकाखाली एक पाच रेघा.

"हे बघा, साडेअकरा. दोन्ही पाय शांत, कंबर शांत. डावा हात किंचित हलतोय. आणि उजवा हात दणादण काहीतरी थापतोय. मध्येच थांबतो, पुन्हा थापतो. तुम्ही खुर्चीत बसून काय करत होता?"

सुनंदाने पदर मनगटावर ओढला आणि म्हणाली, "डॉक्टर, ते माझ्याच हातात होतं. गंमत म्हणून मीच घातलं."

"वहिनी, हे खेळणं नाही. यांचा त्रास मला दिसला नाही तर मी गोळी कुठल्या वेळेला वाढवू? चुकीची वाढवली तर हे पडतील."

सुनंदा "चुकलं" म्हणाली. आणि मी? बावीस वर्षं दुसऱ्यांची रीडिंगं तपासणारा माणूस, बायकोला बोलणी खाऊ दिली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

काळेवाडीला घरी येऊन सुनंदाने हात धुतले आणि परात पुढे ओढली. त्या थापण्याचा आवाज मला ऐकवेना. गायकवाडने 'चुकलं' म्हणायला एक क्षणही घेतला नव्हता, हे सारखं आठवत होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाच दिवस पुन्हा मोजायचे होते. यावेळी रजा घेतली नाही. पट्टे लावून कंपनीत गेलो. गायकवाडने विचारलं, "साहेब, हे काय?" मी सांगितलं, पार्किन्सन्स आहे, हात थरथरतो. त्याने बसायला स्टूल सरकवलं आणि कामाला लागला, बाकी काही विचारलं नाही.

नंतरच्या भेटीत खुर्चीत टेकायच्या आधीच मी म्हणालो, "मॅडम, मागच्या वेळी पट्टा मी बांधला होता. ही नको म्हणत होती."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी जुनं रेकॉर्डिंग काढलं आणि थापण्याच्या आधीचं अर्धं मिनिट मोठं करून दाखवलं. बारीक, दाट थरथर होती. "पट्टा वहिनींच्या हाताला बांधताना तो तुमच्या बोटांत होता. तिन्ही दिवस असंच दिसतंय. त्यांनी स्वतः घातला असता तर हे आलं नसतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

गोळ्यांच्या वेळा बदलल्या. आता सकाळची पाळी बरी जाते. रिपोर्ट माझ्या फाईलमध्येच राहिला, तो कंपनीला जाणारच नव्हता. तपासणीत मी स्वतःच सांगितलं. मोजायचं काम अजून माझ्याकडे आहे, बारीक मापं गायकवाड घेतो आणि मी त्याच्या शेजारी उभा राहतो.

मॅडमसमोर कबूल केलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुनंदाला म्हणालो, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "मलाबी वाटलं होतं, तुम्ही तिथंच बोलाल म्हणून." आणि माझा उजवा हात धरून रिक्षा थांबवायला पुढे झाली. हात थरथरत होता. मी तो सोडवून घेतला नाही.